गाडी ऑइल खाते, पण बघतं कोण?

नव्या गाडीचे चार-पाच हजार किलोमीटर झालेत. सहज बॉनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची कांडी, ओढली, तर ऑइल वरच्या खुणेपासून बरंच खाली. गळती नाही, धूर नाही, डॅशबोर्डवर दिवाही नाही. सर्व्हिस सेंटरला विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: नॉर्मल आहे, मॅन्युअलमध्ये बघा.

मॅन्युअलमध्ये खरंच तसं छापलेलं असतं. फोक्सवॅगनच्या कितीतरी मॅन्युअलांत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल खर्च होऊ शकतं असं लिहिलंय, आणि पहिल्या पाच हजार किलोमीटरांत त्याहूनही जास्त. आता सर्व्हिस १५,००० किलोमीटरला असेल तर हिशोब होतो साडेसात लिटरचा. साध्या चार सिलिंडरच्या इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइल मावतं चार-पाच लिटर. म्हणजे छापील मर्यादेत राहूनही सर्व्हिसच्या तारखेआधी चेंबर कोरडं पडू शकतं! मर्यादेच्या एक पंचमांश, हजार किलोमीटरला १०० मिली, एवढंच धरलं तरी दीड लिटर कमी होतं. आणि डिपस्टिकच्या वरच्या-खालच्या खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण लिटरभराचं असतं.

इतकी ढिली मर्यादा आणि इतकी लांबची सर्व्हिस एकाच पुस्तकात कशी आली, हे समजायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवातीच्या मोटारींत ऑइल ‘खाल्लं’ जाणं हा दोष नव्हताच, रचनाच तशी होती. काचेच्या नळीतून थेंब-थेंब ऑइल बेअरिंगांवर आणि सिलिंडरमध्ये पडायचं, काम करायचं आणि जळून किंवा रस्त्यावर सांडून संपायचं. परत काही येत नसे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या नोम रोटरी इंजिनांतही हाच प्रकार, फक्त ऑइलच्या जागी एरंडेल. ते जळून-न जळून वैमानिकाच्या तोंडावर येई, आणि एरंडेल पोटात गेल्यावर काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

१९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये ऑइल चेंबरमध्येच राहायचं, पण ऑइल पंप नव्हता आणि डिपस्टिकही नव्हती. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक, ऑइल उडवायचं, त्यातलं काही एका नळीतून पुढे जायचं, बाकी सगळा शिंतोड्यांचा कारभार. लेव्हल बघायची तर फ्लायव्हीलच्या घरावर तळाशी खाली-वर असे दोन छोटे कॉक होते. वरचा उघडून ऑइल आलं तर भरपूर आहे. खालचा उघडूनही आलं नाही तर गाडी हलवू नका. त्यासाठी गाडीखाली वाकावं, प्रसंगी लोळावं लागे. गैरसोय मोठी, पण लोक ते करायचे, कारण न केल्यास इंजिन जाम होणार हे ठाऊक होतं. १९२७ च्या अखेरीस आलेल्या मॉडेल ए ला मात्र पंपही होता आणि डिपस्टिकही. इतर काही गाड्यांत इंजिनच्या बाजूला तरंगत्या गोळ्यावर चालणारा काटा असे. टिकली ती डिपस्टिकच. ती बिघडत नाही, तिला वायर लागत नाही, आणि ऑइल किती आहे याबरोबर कसं आहे हेही दाखवते.

ऑइल फिल्टर आला १९२३ च्या सुमारास, ‘प्युरोलेटर’ नावाने. तरी पुढे बरीच वर्षं तो वेगळे पैसे देऊन बसवायची चीज होता, आणि त्यातून सगळं ऑइल जातही नसे. ऑइल लवकर घाण व्हायचं, सारखं बदलावं लागायचं. शिवाय पिस्टन रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या), सिलिंडरची घासाई आणि व्हॉल्व्हची सीलं आजच्या मानाने ओबडधोबड. त्यामुळे ऑइल टाकत राहणं ही पेट्रोल टाकण्याइतकीच रोजची गोष्ट. अमेरिकेत पेट्रोल भरणारा माणूस काच पुसून, बॉनेट उघडून, डिपस्टिक काढून गिऱ्हाइकाला दाखवायचा. त्यात ऑइलचा डबा खपवण्याचा हेतू होताच. पण त्या निमित्ताने आठवड्याला एकदा तरी कुणाची तरी नजर डिपस्टिकवर पडायची. पंपावर स्वतःच पेट्रोल भरायची पद्धत आली आणि ती नजर गेली.

इथे थोडं थांबून, ऑइल नेमकं जातं कुठे ते बघू. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर लागतोच, नाहीतर रिंगा घासून जातील. पिस्टन खाली येताना सर्वांत खालची, ऑइल कंट्रोल रिंग तो थर खरवडून चेंबरकडे परत पाठवते. अगदी सगळा नाही. उरलेला स्फोटात जळतो. हे किती सूक्ष्म प्रमाणात चालतं याचा अंदाज असा. ताशी ६० किलोमीटर वेगाने आणि २,००० आरपीएमवर हजार किलोमीटर जायला हजार मिनिटं लागतात, म्हणजे इंजिनाचे २० लाख फेरे. चार सिलिंडरांत मिळून ४० लाख स्फोट. त्यात १०० मिली ऑइल गेलं, तर प्रत्येक स्फोटाच्या वाट्याला एका थेंबाचा साधारण दोन हजारावा भाग येतो. निळा धूर त्यातून कसा दिसणार? धूर दिसत नाही म्हणून ऑइल जात नाही, हा निष्कर्ष म्हणूनच फसवा. रिंगेचा दाब किंचित कमी झाला, किंवा तिच्या खाचेतली परतीची भोकं काजळीने बुजली, की हाच आकडा चौपट व्हायला वेळ लागत नाही.

नव्या इंजिनात रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना बसेपर्यंत थोडं जास्त ऑइल जातं, हे खरं आहे. मॅन्युअलमधली पहिल्या पाच हजारांची सूट त्यासाठी. तेवढं झाल्यावरही आकडा खाली येत नसेल तर ‘अजून सेट व्हायचीय’ हे उत्तर पुरत नाही.

ऑइल जायची दुसरी वाट १९६० च्या दशकात उघडली. तोपर्यंत चेंबरमधला धूर आणि वाफ एका नळीने सरळ रस्त्यावर सोडली जायची. कॅलिफोर्नियात धुरक्याचा प्रश्न पेटल्यावर ती वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनाच्या हवेच्या वाटेत ओढली जाऊ लागली. हवेसाठी चांगलंच झालं. पण त्या वाफेबरोबर ऑइलचं धुकंही जातं आणि जळतं. आजच्या गाडीत पीसीव्हीचा पडदा फाटला की ऑइल भराभर कमी होतं, आणि बिचाऱ्या रिंगांना दोष मिळतो.

पण ऑइलच्या कहाणीला खरं वळण दिलं मायलेजच्या कायद्यांनी. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये गाड्यांच्या सरासरी मायलेजचा कायदा केला. पुढे युरोप आणि जपाननेही कार्बन डायऑक्साइड आणि इंधनखर्चाच्या मर्यादा आवळत नेल्या. इंजिनातल्या घर्षणाचा मोठा हिस्सा पिस्टन आणि रिंगांचा. मग रिंगा बारीक झाल्या, त्यांचा ताण कमी झाला. ऑइलही पातळ होत गेलं. जिथे २०डब्ल्यू-५० चालायचं तिथे ५डब्ल्यू-३० आलं, मग ०डब्ल्यू-२० (आकडा जितका लहान तितकं ऑइल पातळ). ऑइलच्या या ग्रेड ठरवणाऱ्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१३ मध्ये आपल्या यादीत १६ ची आणि २०१५ मध्ये १२ आणि ८ ची ग्रेड घातली. सैल पकडीच्या रिंगेसमोर पाण्यासारखं ऑइल, अशी जोडी. ती नीट जमवली तर उत्तम चालते. आजची बहुसंख्य इंजिनं दोन सर्व्हिसच्या मध्ये डोळ्यांत भरेल इतकं ऑइल खात नाहीत, हेही मान्य केलं पाहिजे. जमवताना थोडं चुकलं की मात्र सगळा भार ऑइलवर येतो. आणि ऑइल जळणं ही फक्त टॉपअपच्या खर्चाची बाब नाही. झीज रोखणाऱ्या रसायनातला फॉस्फरस जळून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा भाग, निकामी करतो. म्हणूनच इंजिन ऑइलच्या २००४ च्या जीएफ-४ या दर्जात फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा घातली गेली.

याच काळात ऑइल बदलण्यातलं अंतर वाढत गेलं. चांगले फिल्टर, सिंथेटिक ऑइल, कार्ब्युरेटरऐवजी नेमकं इंधन सोडणारे इंजेक्टर, यांमुळे पाच हजारांचे दहा झाले, दहाचे पंधरा. फोक्सवॅगनच्या लाँगलाइफ पद्धतीत तर ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं. जनरल मोटर्सने १९८८ च्या ऑल्ड्समोबिलपासून ‘ऑइल लाइफ’ मोजणारी यंत्रणा आणली. ही यंत्रणा इंजिनाचे फेरे आणि तापमान यांवरून ऑइलचं आयुष्य किती उरलं याचा हिशोब करते. ऑइल किती उरलं हे ती बघतच नाही. पडद्यावर ‘ऑइल लाइफ ६० टक्के’ दिसलं की चेंबरमध्ये ६० टक्के ऑइल आहे असं समजणारे भेटतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. शब्दच असे निवडलेत की तसं वाटावं.

तीच गत लाल ऑइल-कॅनच्या दिव्याची. तो दाबाचा दिवा आहे, लेव्हलचा नाही. पंप चेंबरच्या तळातून ऑइल ओढतो, त्यामुळे लिटर-दोन लिटर कमी असलं तरी सरळ रस्त्यावर दाब ठीक असतो. मग एखाद्या वळणावर किंवा जोराच्या ब्रेकला ऑइल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि दिवा क्षणभर लुकलुकून विझतो. तो क्षण बेअरिंगांना महागात पडतो. चालक म्हणतो, वायरिंगचं काहीतरी असेल.

लेव्हल खरोखर मोजणारे सेन्सर १९८० च्या दशकात काही महागड्या युरोपीय गाड्यांत आले होते. २००० च्या दशकाच्या मध्यावर बीएमडब्ल्यूने आपल्या नव्या सहा सिलिंडरच्या इंजिनांतून डिपस्टिकच काढून टाकली. ऑडी आणि पोर्शेच्याही अनेक गाड्या त्याच वाटेने गेल्या. काही सेन्सर तापवलेला भाग किती वेळात थंड होतो त्यावरून लेव्हल काढतात, काही अल्ट्रासाउंडने. चांगले असतात, पण त्यांच्या अटी असतात: इंजिन गरम हवं, गाडी सपाटीवर हवी, मोजायला काही मिनिटं द्यायला हवीत. सर्व्हिसला गाडी दिल्यावर ऑइल भरल्या-भरल्या पडद्यावर आकडाच येत नाही, आणि तेव्हा अंदाजाने जास्त ओतलं जातं. जास्त झालेलं ऑइलही घातकच. इंजिनाचा फिरणारा दांडा, क्रँक, ते घुसळतो, फेस होतो, आणि फेस पंपाला धड ओढता येत नाही.

हे सगळं एकत्र आलं २०१० नंतर. टोयोटाच्या २.४ लिटरच्या २एझेड-एफई इंजिनाच्या ऑइल खाण्यावरून कंपनीला अमेरिकेत वॉरंटी वाढवून पिस्टन-रिंगा बदलून द्याव्या लागल्या. सुबारूच्या काही इंजिनांच्या ऑइल खाण्यावरून २०१४ मध्ये ग्राहकांनी सामुदायिक दावा लावला. २०१६ च्या तडजोडीत त्या इंजिनांची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत गेली. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २०१० ते २०१४ च्या जवळपास पाच लाख गाड्यांची माहिती तपासली. ऑइल खाणाऱ्या गाड्या थोड्याच निघाल्या, पण त्या ठरावीक इंजिनांभोवती गोळा झालेल्या होत्या: ऑडीचं २.० लिटर टर्बो, बीएमडब्ल्यूची व्ही-८, सुबारूची काही. आणि कंपन्या काय म्हणत होत्या? ऑडी आणि बीएमडब्ल्यूच्या मते ६०० ते ७०० मैलांना एक क्वार्ट, म्हणजे साधारण हजार-अकराशे किलोमीटरला जवळजवळ लिटरभर, चालण्यासारखं. सुबारूच्या मते हजार ते बाराशे मैलांना एक क्वार्ट.

माझ्या मते या आकड्यांकडे वॉरंटीची रेघ म्हणून बघावं. इंजिनाच्या तब्येतीबद्दल ते फार थोडं सांगतात. रेघेच्या अलीकडे कंपनी फुकट दुरुस्ती करणार नाही, एवढाच त्यांचा अर्थ. तक्रार केली की ‘कन्झम्प्शन टेस्ट’ होते: ऑइल खुणेपर्यंत भरून झाकणाला सील लावायचं, ठरलेलं अंतर गाडी चालवायची, मग किती कमी झालं ते मोजायचं. या परीक्षेला सामोरं जाताना मालकाने स्वतःचीही नोंद ठेवलेली बरी. गाडी त्याच सपाट जागी, इंजिन बंद करून तेवढीच मिनिटं थांबून, कांडी एकदा पुसून पुन्हा घालून. नवं पातळ ऑइल काडीवर नीट दिसत नाही, दोन बाजूंना दोन लेव्हल दिसतात. त्यातली खालची धरायची.

अलीकडची गंमत अशी की लेव्हल वाढतेही. डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर जाळून साफ करताना स्फोटानंतरही थोडं डिझेल सिलिंडरमध्ये सोडलं जातं. गाडी गावातल्या गावात फिरत असेल तर ही सफाई अर्धवट राहते, पुन्हा पुन्हा होते, आणि भिंतीवरचं डिझेल रिंगांवरून ओघळून चेंबरमध्ये उतरतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांतही थंडीत, छोट्या फेऱ्यांत हेच घडतं, होंडाच्या १.५ लिटर टर्बोला २०१८ मध्ये चीनमध्ये याच कारणाने टीका सोसावी लागली. यात फसगत अशी की जितकं ऑइल जळालं तितकं इंधन आत आलं, तर डिपस्टिक महिनोन्‌महिने जागची हलत नाही. मग एकदा लांबचा प्रवास होतो, इंजिन तासन्‌तास तापतं, मिसळलेलं पेट्रोल उडून जातं आणि परत आल्यावर ऑइल एकदम खाली दिसतं. काडी नाकाजवळ नेली तर पेट्रोलचा वास ओळखू येतो. पडद्यावरच्या आकड्याला ही सोय नाही. माझदाच्या डिझेल गाड्यांच्या डिपस्टिकवर तर वरच्या खुणेच्याही वर फुलीची आणखी एक खूण असते. लेव्हल तिथपर्यंत चढली की किलोमीटर किती झाले ते न बघता ऑइल बदलायचं.