सशाचा नाद (कारवानी व संकरित पिल्लांचा)

सशाचा नाद : कारवानी या शिकारी कुत्र्याच्या किंवा कारवानी रक्ताच्या संकरित पिल्लाला पळत्या सशामागे धावण्याची जी ओढ लागते, तिला बेळगाव, बागलकोट आणि विजयपूर जिल्ह्यांतील मराठी माणसे ‘नाद लागला’ असे म्हणतात. शब्द नेमका आहे. शर्यतीच्या बैलांचा नाद, कबुतरांचा नाद, भजनाचा नाद यांच्याच रांगेतला हा नाद; लागला की हाक ऐकू येत नाही आणि ताटलीतली भाकरी तशीच राहते. तो कोणी शिकवावा लागत नाही. तो रक्तात असतो आणि पिल्लू वयात येऊ लागले की वर येतो. माणसाच्या हाती दोनच गोष्टी राहतात : तो वर येण्याआधी पिल्लाला हाकेची सवय लावणे आणि वर आल्यावर त्याला वाट काढून देणे. सीमाभागात बहुतेक घरांत घडते ते उलटेच. पिल्लू पहिल्यांदा सशामागे सुटले की गल्लीभर कौतुक, आणि महिन्याभराने शेजारच्या कोंबड्या गेल्या की साखळी.

कारवानी हा नजरेवर शिकार करणारा कुत्रा. लांबट डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, खांद्याशी उंची सुमारे ७० सेंमी. मुधोळ संस्थानच्या राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची पैदास जोपासली आणि एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली. तेव्हापासून त्याला मुधोळचे नाव चिकटले. मुधोळ आता बागलकोट जिल्ह्यात आहे. जवळच तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी तिकिटे काढली, त्यांत मुधोळचाही समावेश होता. कन्नडमध्ये सरळ ‘बेटे नायी’, म्हणजे शिकारी कुत्रा, असेही म्हणतात. एकाच कुत्र्याला घरमालक कारवानी म्हणतो, गडी मुधोळ म्हणतो आणि कुत्र्याचे नाव टायगर असते, हे अथणीकडे नवल नाही.

शुद्ध कारवानी महाग पडतो. त्यामुळे खेड्यांत दिसतात ती पिल्ले बहुतेक मिश्र असतात : आई गावठी, बाप कुठल्या तरी मळ्यावरचा कारवानी. लोक त्यांना ‘क्रॉस’ म्हणून मोकळे होतात. ब्रिटन व आयर्लंडमध्ये अशाच मिश्रणाला लर्चर असे स्वतंत्र नाव आहे. ग्रेहाउंड, व्हिपेट, सालुकी यांसारख्या वेगवान कुत्र्याचा कोली किंवा टेरियर यांसारख्या कामाच्या कुत्र्याशी संकर म्हणजे लर्चर. वेग एकाकडून, अक्कल आणि चिवटपणा दुसऱ्याकडून, असा त्यामागचा हिशेब. आपल्याकडचा क्रॉस हिशेबाने नव्हे, योगायोगाने जन्मतो. गुण मात्र पुष्कळसे तेच उतरतात. गावठी रक्तामुळे नाक चालते, रोगराईला तोंड देता येते आणि ससा दिसेनासा झाला तरी पिल्लू मागावर टिकून राहते. निव्वळ कारवानी अशा वेळी उभा राहून मान उंचावतो आणि जगाला ससा कुठे गेला ते विचारत बसतो.

इथे एक घोळ निस्तरला पाहिजे. इंग्लंडमधला लर्चर ज्या सशावर तयार होतो, तो आपला ससा नव्हे. तिकडचा लहान ससा बिळात राहतो, बिळापासून फार दूर चरत नाही, आणि त्याचा पाठलाग काही सेकंदांत संपतो : एक तर कुत्र्याच्या तोंडी, नाहीतर बिळात. भारतात तो रानात नाही. बाजारात पिंजऱ्यात दिसणारा पांढरा ससा त्याच जातीचा पाळीव भाऊ. आपल्या शिवारातला ससा बिळे खणत नाही. गवतात किंवा तुरीच्या ओळीत अंगाने दाबून केलेल्या जागेवर तो दिवसभर दबून बसतो. दक्षिणेकडच्या या सशाच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा असतो. पिल्ले डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतात. माणसाचा पाय जवळपास अंगावर पडेपर्यंत तो हलत नाही, आणि उठला की सारा भरवसा पायांवर. मागचे पाय लांब असल्याने चढाला तो कुत्र्याला मागे टाकतो. उताराला आणि सपाटीला कुत्र्याची बाजू वर असते. शिवाय ऐन वेगात तो काटकोनात वळतो, आणि त्याच वेगाने मागून येणारा जड कुत्रा पुढे घसरत जातो. म्हणजे लर्चरचे पिल्लू जिथे सोप्या धड्याने सुरुवात करते, तिथे आपल्याकडच्या पिल्लासमोर पहिल्याच दिवशी शेवटची परीक्षा येते. नाद इथे इतका खोल का रुतून बसतो, याचे एक कारण हेच असावे : ससा जवळजवळ नेहमीच निसटतो, आणि अपुरा राहिलेला पाठलाग पिल्लाला पुन्हा त्याच बांधावर ओढून नेतो.

जमिनीचाही यात हात आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला पाऊस धो धो, रान दाट. २०११ पासून अभयारण्य असलेले भीमगड तिथेच. त्या रानात नजरेवर धावणाऱ्या कुत्र्याला शंभर पावलेही मोकळी मिळत नाहीत, म्हणून तिकडच्या वाड्यांवर नाकावर चालणारी गावठी कुत्रीच. पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणी, सौंदत्ती ओलांडून मुधोळकडे जावे तसा पाऊस कमी, माळ उघडा आणि कुत्री लांब पायांची. निपाणी-चिकोडीच्या ऊसपट्ट्यात तिसराच प्रकार. पावसाळाभर ससा कुठे आहे ते कळत नाही. तोडणी सुरू झाली की फड आक्रसत जातो आणि शेवटच्या चार सऱ्यांतून एकामागून एक जनावर बाहेर पडते. तोडकऱ्यांचा गलका, उघडे पडलेले रान आणि समोरून सुसाट जाणारा करडा गोळा : पाच-सहा महिन्यांच्या पिल्लाला यापेक्षा जास्त काय हवे?

ओढ एका दिवसात येत नाही, तुकड्यातुकड्याने येते. सात-आठ आठवड्यांचे पिल्लू वाऱ्यावर हलणाऱ्या पानामागे आणि लुगड्याच्या काठामागे धावते, तो खेळ. चार ते सहा महिन्यांत दुधाचे २८ दात जाऊन पक्के ४२ येतात, आणि त्याच सुमारास नजर लांबवर ठरू लागते. शिकारी प्राण्याच्या वागण्यात एक साखळी असते : पाहणे, टक लावणे, दबा धरणे, पाठलाग, पकड, मारणे, खाणे. माणसाने निवड करताना या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या फुगवल्या. मेंढरे वळणाऱ्या कुत्र्यात टक लावणे वाढवले, पकड दाबली. कारवानी आणि त्याच्या नात्यातल्या कुत्र्यांत पाठलाग वाढवला. म्हणून या पिल्लाला भूक नसतानाही धावायचे असते, आणि पकडलेल्या सशाचे पुढे काय करायचे हे पुष्कळदा त्याला कळतही नाही. आपला कुत्रा ससा न खाता आणून देतो, असे जे अभिमानाने सांगितले जाते त्यात इमानापेक्षा या तुटलेल्या साखळीचा वाटा मोठा आहे.

प्रस्तुत लेखकाने मार्कंडेय नदीकाठच्या एका मळ्यात हा क्षण जवळून पाहिला. साडेपाच महिन्यांची पिवळसर मादी, गळ्यात नायलॉनची दोरी, बांधावर बसून माती हुंगत होती. रताळ्याच्या वेलांतून ससा उठला. ती उठली नाही. आधी कान मागून पुढे आले, मग एक पुढचा पाय जमिनीपासून चार बोटे वर उचलला गेला आणि तसाच राहिला. अंग थरथरत होते, पण घशातून बारीक कुई सोडता आवाज नव्हता. ससा पलीकडच्या उसात शिरल्यावर ती सुटली, म्हणजे उशिराच, आणि रिकाम्या रानात मोठे वळण घेऊन परत आली. मालक बेळगावी थाटात एवढेच म्हणाला, “आत्ता बघूलालंय बघा.” त्या दिवसापासून ती मादी रोज सकाळी त्याच वेलांपाशी जाऊन पाय उचलून उभी राहत असे. ससा तिथे पुन्हा बसला नसावा. तिला मात्र ती जागा देवळासारखी झाली.

कायद्याची बाजू सीमाभागात ऐकून न ऐकल्यासारखी केली जाते, म्हणून स्पष्ट सांगितली पाहिजे. रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. पूर्वी तो चौथ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूचींची मांडणी बदलली तरी संरक्षण गेले नाही. या कायद्यात शिकारीची व्याख्या फार रुंद आहे. मारणे आणि पकडणे तर आलेच, कुत्रे मागे लावून पळवणे, हाकणे आणि तसा प्रयत्न करणेही शिकारीतच मोडते. ससा निसटला म्हणून मालक निसटत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी रानटी सस्तन प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली, पण जमीनमालकाच्या परवानगीने लहान सशाला आणि उंदराला त्यातून वगळले. लर्चर पाळणाऱ्यांचे सगळे सल्ले त्या सवलतीवर उभे आहेत. ते वाचून इकडे तसे करायला जाणे अडचणीचे. पिल्लाला ‘तयार’ करण्यासाठी बाजारातला पांढरा ससा आणून मैदानात सोडण्याची कल्पनाही कोणाकोणाला सुचते. करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य म्हणून पुढे करणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तसेही तो बिचारा ससा पळतही नाही, बसून राहतो.

मग नादाला वाट कुठली द्यायची? सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे हातभर काठी, तिला दोन-तीन हात दोरी आणि टोकाला चिंधी. चिंधी जमिनीवरून सशासारखी फिरवायची, अधूनमधून एकदम वळवायची, आणि पिल्लाला दर चार-पाच फेऱ्यांत ती पकडू द्यायची. कधीच हाती लागत नसेल तर ते चिडते किंवा कंटाळते. काही जण सायकलचे चाक उलटे बसवून त्यावर दोरी गुंडाळतात आणि दुसऱ्या टोकाला बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी मोकळ्या रानातून खेचतात. जत्रांतल्या श्वानशर्यतींतही अशाच खोट्या सावजामागे कुत्री धावतात. पिल्लाला सावज खोटे आहे हे कळत असेलही, पण त्याचे काही अडत नाही. पळणारी गोष्ट पळते आहे एवढे पुरे.

वर्ष पूर्ण होईपर्यंत मात्र लांब दौड नको. या बांध्याच्या कुत्र्यांची हाडे उशिरा पक्की होतात. अर्धवट वाढलेल्या पायांवर ढेकळांच्या रानात वळणे घेतली की बोटे सुटतात, पंज्याची गादी फाटते, आणि मनगटाचा मुरगळलेला सांधा पुढे प्रत्येक हिवाळ्यात लंगडतो. आणखी तीन संकटे खास इकडची : डुकरांसाठी लावलेली तार, कठडा नसलेल्या विहिरी आणि मार्चनंतरचे ऊन. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, ते धापेनेच थंड होते. अंगाचे तापमान ४१ अंशांपुढे गेले तर जीव जाऊ शकतो. दौडीनंतर लघवी काळपट तांबडी, चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी दिसली तर स्नायू फाटले आहेत असे समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तारेने कापलेल्या जखमेला टाके घालताना भूल द्यायची असेल तर कुत्रे या वंशाचे आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे. अंगावर चरबी कमी असल्याने काही जुनी भुलीची औषधे यांच्या शरीरातून लवकर उतरत नाहीत. आणि कुत्र्याने ससा खाल्ला असेल तर जंताचे औषध चुकवू नये. सशाच्या पोटातल्या पाणीदार गाठींतून कुत्र्याला पट्टकृमी होतो.

कोंबड्या, मांजरे आणि शेळीची करडे यांची ओळख नाद लागण्याआधी, म्हणजे तीन महिन्यांच्या आत करून द्यावी लागते. त्या वयात जे शेजारी बसून पाहिले ते घरचे, उरलेले सगळे पळणारे. सहाव्या महिन्यात करडू दाखवून ‘हे नाही हं’ म्हणण्यात अर्थ नसतो. हाकेचेही तसेच. शिट्टी वाजली की भाकरीचा तुकडा, हा व्यवहार दुसऱ्या महिन्यापासून रोज दहा वेळा झाला तर ससा दिसल्यावर दहातून दोनदा उपयोगी पडतो. बाकीचे आठ वेळा लांब दोरीच कामाची.

दोरी सुटली आणि पिल्लू गेलेच, तर मागे धावू नये. मालकही धावतो आहे म्हणजे शिकार जोरात आहे, असाच अर्थ ते घेते. कुत्रे बहुधा जिथून सुटले तिथेच परत येते, मग मधे दोन शिवारे का असेनात. तिथेच बांधावर बसून राहावे. अंधार पडला आणि घरी जाणे भागच असेल तर अंगावरचा टॉवेल त्या जागी ठेवून जावा. पहाटे पुष्कळदा पिल्लू त्यावर मुटकुळे करून झोपलेले सापडते. तेव्हा त्याला मारायचे नाही. त्याच्या हिशेबी तो मार सशामागे जाण्याचा नसतो, परत येण्याचा असतो.