विष पचवणारा उंदीर जंतूपुढे का हरतो?

साल्मोनेलासारख्या जिवाणूच्या बाह्य आवरणातलं एंडोटॉक्सिन उंदराला टोचलं, की काही तासांत त्याचे केस पिंजारतात, डोळे अर्धवट मिटतात आणि तो पोक काढून कोपऱ्यात बसतो. मात्रा मोठी असेल तर मरतो. पण १९६०च्या दशकात अमेरिकेत ‘सी३एच/एचईजे’ या वाणाचे उंदीर वेगळे निघाले. इतरांना मारणारी मात्रा ते पचवत. १९६८ मध्ये बार्नेट सुल्टझर यांनी दाखवलं की हा फरक आनुवंशिक आहे.

वाणावाणांत फरक असतो, ही गोष्ट नवी नव्हती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली वेबस्टर यांनी १९२०-३०च्या दशकांत उंदरांच्या टायफॉइडला दाद न देणारे आणि चटकन बळी पडणारे, असे दोन वंश निवड करकरून वाढवले होते. भाऊबहिणींचा पिढ्यान्‌पिढ्या संकर करून तयार केलेले शुद्ध वाणही तोवर मिळू लागले होते. अशा वाणातला प्रत्येक उंदीर जवळपास दुसऱ्याची नक्कल. म्हणूनच सी३एच/एचईजेचे सख्खे भाऊबंद असलेले सी३एचचे इतर उपवाण विषाने मरतात आणि हा एकटा तगतो, हे ठळकपणे दिसलं. असे वाण पैदा करणाऱ्या अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत मधेच कधीतरी त्याच्या जनुकात एक चूक शिरली होती.

मग तो जास्त काटक म्हणायचा का? उलट. जिवंत साल्मोनेलाचे थोडेसे जंतू टोचले तरी तो दगावतो. कारण एंडोटॉक्सिन स्वतः फारसं काही करत नाही. ते ओळखून शरीर जो आगडोंब उसळवतं, तोच उंदराला मारतो. सी३एच/एचईजेला ही ओळखच पटत नाही. विष आलं तरी गडबड नाही, आणि जंतू आले तरी नाही. घरात चोर शिरलाय आणि कुत्रा झोपलाय, तसं.

दोषाची जागा ४ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे, इथवर १९७०च्या दशकातच कळलं होतं. नेमकं जनुक सापडायला आणखी वीस वर्षं लागली. टेक्सासमध्ये डॅलसला ब्रूस ब्युटलर यांचा गट १९९३ पासून त्याच्या मागे होता. १९९८ मध्ये ते हाती लागलं. त्याचं नाव टीएलआर४, म्हणजे ‘टोलसारखा ग्राहक’. ग्राहक म्हणजे पेशीवर बसून एंडोटॉक्सिन ओळखणारं प्रथिन. टोल म्हटलं की आपल्याला आधी नाका आठवतो, पण मूळ शब्द जर्मन आहे, ‘भन्नाट’ अशा अर्थाचा, आणि तो फळमाशीच्या एका जनुकाला दिलेला. ते जनुक माशीला बुरशीपासून वाचवतं, हे फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं होतं. सी३एच/एचईजेच्या टीएलआर४मध्ये ७१२व्या जागी प्रोलीन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडीन बसलंय. फरक तेवढाच! ब्युटलर आणि हॉफमन यांना २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

दुसरा धागा मला तितकाच रंजक वाटतो. साल्मोनेला, लीशमॅनिया (काळा आजाराचा परजीवी) आणि बीसीजी (क्षयाच्या लशीतला जिवाणू) यांवर काम करणाऱ्या तीन वेगवेगळ्या गटांना १ क्रमांकाच्या गुणसूत्रावर प्रतिकाराची एकेक जागा सापडली. इटी, एलएसएच, बीसीजी अशी तीन नावं पडली. १९९३ मध्ये माँट्रियलला जनुक हाती आलं तेव्हा कळलं, तिघेही एकाच दारावर थाप मारत होते. एनरँप१ नावाचं हे प्रथिन भक्षक पेशीने गिळलेल्या जंतूभोवतीच्या पिशवीतून लोह, मँगनीजसारखे धातू बाहेर ओढतं. जंतूची उपासमारच म्हणा ना. १६९व्या जागी ग्लायसीनऐवजी अॅस्पार्टिक आम्ल आलं की हे काम बंद पडतं.

प्रयोगशाळांचा लाडका काळा ‘सी५७ब्लॅक/६’ आणि पांढरा ‘बाल्ब/सी’, दोघांतही हा बिघाड जन्मजात आहे. म्हणून साल्मोनेलाचा संसर्ग दीर्घकाळ टिकवून अभ्यासायचा असेल तर बऱ्याचदा ‘१२९’ वाणाचे उंदीर घेतात. आणि सी३एच/एचईजे? त्याचं एनरँप१ ठणठणीत आहे. तरी तो मरतोच.