वायर नाही, जोड जळतो

आमच्या लातूरकडे शेतातली मोटार बंद पडली की जाणता वायरमन आधी स्टार्टरचं झाकण काढतो. वायर स्क्रूखाली जिथे दाबलेली असते तिथे बघतो. पुष्कळदा दुखणं तिथेच सापडतं: इन्सुलेशन वितळलेलं, तांबं काळं पडलेलं. स्पर्धेसाठी रोबो बांधणाऱ्या मुलांना मी हाच स्टार्टर आधी दाखवतो.

रोबोची बॅटरी १२ व्होल्टची. शॉक बसत नाही म्हणून मुलं निर्धास्त असतात. पण ६०० वॉटला घरच्या २३० व्होल्टवर जेमतेम अडीच अँपिअर पुरतात, तर १२ व्होल्टवर तब्बल ५० लागतात. आणि उष्णता वाढते करंटच्या वर्गाने. ढिल्या जोडाचा रोध एका ओहमचा शंभरावा भाग धरा. ५० गुणिले ५० गुणिले ०.०१, म्हणजे २५ वॉट. छोटं सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॉटचं असतं! चाक अडकून रोबो जोर लावत राहिला, तर डाख देऊन केलेला जोड स्वतःच्याच उष्णतेने सुटू शकतो.

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय रोबो स्पर्धेचे नियम म्हणूनच इतके काटेकोर आहेत. ४० अँपिअरच्या सर्किटला किमान १२ गेजची वायर (गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड), बॅटरीच्या मुख्य लाइनला ६ गेज आणि १२० अँपिअरचा ब्रेकर. बॅटरीचा कनेक्टर उलटा बसूच नये असा, आणि तिची टर्मिनलं पूर्ण झाकलेली. लाल-काळ्या रंगांची शिस्त तर हवीच, घाईत डोळा फसतो.

मुलांचा सगळ्यात लाडका गैरसमज म्हणजे ‘सर, डाख दिला की पक्कं.’ स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला डाख देऊच नये. कथील मऊ असतं. दाबाखाली हळूहळू सरकतं आणि घट्ट पिळलेला स्क्रू काही काळाने ढिला पडतो. शिवाय डाख जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. त्यापेक्षा योग्य मापाचा लग, म्हणजे वायरच्या टोकावर बसवायचा धातूचा तुकडा, घ्यावा आणि तो चेपून बसवणाऱ्या चांगल्या क्रिम्पिंग टूलने दाबावा. नीट दाबला तर तारा आणि लग यांच्यात हवाही शिरत नाही, मग तांबं गंजणार कुठून? साध्या पकडीने चेपलेला लग वरून तसाच दिसतो, आत मात्र पोकळ राहतो.

तो ओळखायचा कसा? लग एका हातात, वायर दुसऱ्या हातात, आणि जोर लावून ओढायचं. गेल्या वेळी एका मुलीने स्वतःच केलेले बारा जोड असे ओढले. तीन हातात आले. तिने तिन्ही कापून टाकले आणि वायर पुन्हा सोलायला घेतली.