लाळ : घास, चव आणि पचन

लाळ म्हणजे तोंडातील लालाग्रंथींतून पाझरणारा पातळ, किंचित चिकट द्रव. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि नकळत गिळली जाते. तिच्यात सुमारे ९९ टक्के पाणीच असते. उरलेल्या अंशात म्युसिन हे बुळबुळीत प्रथिन, अमायलेज हे विकर (एन्झाइम), बायकार्बोनेट, कॅल्शियम, फॉस्फेट आणि जंतूंना आवर घालणारे लायसोझाइमसारखे घटक येतात.

मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत : कानापुढची अनुकर्ण (गालगुंडात सुजते ती हीच), जबड्याखालची अधोहनू आणि जिभेखालची अधोजिव्हा. ओठ, गाल व टाळूत शेकडो बारीक ग्रंथी असतात त्या वेगळ्याच. या साऱ्यांवर स्वायत्त चेतासंस्थेचा, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याचा ताबा असतो. भुकेल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटते आणि घाबरलेल्याच्या तोंडचे पाणी पळते. मराठीतले हे दोन्ही वाक्प्रचार शरीरशास्त्राच्या कसोटीला उतरतात.

नाशिकमध्ये याचा प्रत्यय सकाळी मिसळीच्या टेबलावर येतो. काळ्या मसाल्याच्या रश्श्याचा वास नाकात शिरताच, पहिला घास घेण्याआधीच लाळ सुटू लागते. अन्नाची नुसती चाहूलही लाळ आणते, हे रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत बारकाईने अभ्यासले; पचनावरील संशोधनासाठी त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. पुढे लिंबू पिळले की लाळेचा लोट येतो, कारण आंबट चव ही लाळेला सर्वांत जोरात जागवणारी. पापडाचा तुकडा दाताखाली मोडतो तेव्हा त्याच्या कडा टोचतात. दोनचार चावण्यांत तो भिजून लिबलिबीत होतो, फरसाणाच्या चुऱ्याला चिकटतो आणि त्याचा गिळण्याजोगा गोळा बनतो. हे काम म्युसिनचे. चवही लाळेवाचून कळत नाही. जीभ फडक्याने कोरडी पुसून तिच्यावर मिठाचा खडा ठेवला, तर तो विरघळेपर्यंत खारटपणा लागत नाही.

तुरटपणाची गोष्ट निराळी. गंगापूर धरणाच्या बाजूला वाइन चाखायला गेलेल्यांना रेड वाइनच्या घोटानंतर तोंड आवळल्यासारखे वाटते. द्राक्षाच्या साली-बियांतले टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना पकडून ठेवते, वंगण कमी होते आणि जीभ टाळूवर खरखरीत घासते. जांभळाने किंवा कच्च्या केळ्याने होते तेही बहुतांशी हेच. बिनबियांची थॉमसन द्राक्षे घडभर खाल्ली तरी असे फारसे होत नाही.

शाळेत लाळ म्हटली की अमायलेज एवढेच शिकवले जाते. भाकरीचा कोरडा तुकडा मिनिटभर चघळला की गोडसर लागतो, कारण हे विकर पिष्टाचे (स्टार्चचे) तुकडे करून माल्टोज ही शर्करा मोकळी करते. पण घास तोंडात थोडाच वेळ असतो. गिळल्यावर त्याच्या गाभ्यात हे काम काही काळ चालते, मग जठरातले आम्ल आत झिरपून ते थांबवते. पिष्टाच्या पचनाचा मोठा भार लहान आतड्यात स्वादुपिंडाचे अमायलेज उचलते. म्हणजे पचनापेक्षा खाणे शक्य करणे, हेच लाळेचे मोठे काम. नवजात बाळाच्या लाळेत अमायलेज अगदी थोडे असते आणि पहिल्या काही महिन्यांत ते वाढत जाते. उष्टावणाचा पारंपरिक काळही साधारण सहाव्या महिन्याच्या आसपासचा, हा जुळून आलेला योग.

गोड खाल्ल्यावर दातांवरचे जंतू आम्ल तयार करतात. पीएच हे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. लाळेतले बायकार्बोनेट ते आम्ल मारते, कॅल्शियम व फॉस्फेट झीज भरून काढतात. झोपेत लाळ फार कमी होते, म्हणून रात्री दात न घासता झोपणे दातांना महागात पडते.

काही औषधांमुळे, स्योग्रेन आजारात (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लालाग्रंथींवर उलटते) किंवा डोके-मानेच्या कर्करोगावरील किरणोपचारानंतर तोंड कायम कोरडे पडते. अशा रुग्णाला प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा घोट लागतो आणि दात झपाट्याने किडतात. मिसळीतला पाव रश्श्यात बुडवून त्याच्या घशाखाली उतरतो खरा, पण रस्सा सोसत नाही. तोंडाच्या आतल्या त्वचेवरचे लाळेचे आवरण विरळ झालेले असते आणि तिखट थेट झोंबते. मग ताटात दहीभात येतो.