एका मिलिसेकंदात ३५ सेंटिमीटर

खाडीच्या पलीकडच्या काठावर होडी दुरुस्त करणारा सुतार हातोडा मारताना दिसतो, आणि ठोका आपल्या कानावर येतो तेव्हा त्याचा हात पुन्हा वर गेलेला असतो. मालवणच्या बाजूला खाडीकाठी वाढलेल्या कुणालाही हे दृश्य नवं नाही. लहानपणी आम्ही काठावर बसून हा उशीर मनातल्या मनात मोजायचो. सुतार ३५० मीटरवर असेल तर ठोका साधारण एका सेकंदाने येतो, कारण आपल्याकडच्या ३० अंशांच्या उष्म्यात आवाज सेकंदाला जवळपास ३५० मीटर चालतो. हवा २० अंशांवर उतरली तर ३४३ मीटर. याच हिशेबाचं धाकटं रूप मी आता रोज वापरतो: एका मिलिसेकंदात ३५ सेंटिमीटर. म्हणजे दीड वीत.

मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एवढ्याशा उशिराने काय बिघडणार, असं वाटतं. ड्रमसेटला आठ माईक लावले की काय बिघडतं ते कळतं.

गावातल्या घराच्या माजघरात मी ध्वनिमुद्रण करतो. भिंती जांभ्याच्या, वर कौलं, खाली कोबा. बहुतेक काम भजनाचं: पखवाज, पेटी, झांजा आणि कोरस. दोन वर्षांमागे थंडीच्या दिवसांत शेजारच्या वाडीतला एक मुलगा टेम्पोत ड्रमसेट घालून आला. भजनात पखवाज वाजवणारा, गणपतीनंतरच्या ऑर्केस्ट्रात ड्रमसेट. मी पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला, म्हणजे किकला, एक माईक लावला, खालच्या पडद्यावर तारा ताणलेल्या स्नेअरला वरून एक आणि खालून एक, टॉम म्हणतात त्या दोन घुमणाऱ्या ड्रमना दोन, पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीला, हाय-हॅटला, एक, आणि सगळ्यांच्या डोक्यावर दोन, ज्यांना ओव्हरहेड म्हणतात. एकेक माईक वेगळा ऐकला तर प्रत्येक आवाज भरदार. सगळे एकत्र उघडले आणि स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागला. मुलाने हेडफोन काढून ठेवला. म्हणाला, "काका, ह्यो माझो ड्रम न्हय."

त्याचं बरोबर होतं. चूक कुठे होती ते सापडायला मला दोन दिवस लागले.

आधी हे पाहू की माईक इतक्या जवळ न्यायचाच कशाला. आवाजाचा उगम बिंदूसारखा असेल तर अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबलने उतरते. उलट बाजूने बघा: माईक जितका जवळ न्याल तितका वाद्याचा सरळ येणारा आवाज वाढतो, पण भिंतींवर आपटून येणारा आवाज आहे तेवढाच राहतो, कारण त्याचा प्रवास आधीच लांबचा असतो. कोबा आणि कौलांच्या खोलीत ही परतफेड फार असते. दूर ठेवलेला माईक ड्रमपेक्षा खोलीच जास्त टिपतो. (स्नेअरचा व्यास १४ इंच, म्हणजे पाच सेंटिमीटरवरून तो काही बिंदू नव्हे, अगदी जवळ हा नियम सैल पडतो. पण दिशा तीच.)

जवळच्या माईकचा आणखी एक गुण आहे, आणि तो भौतिकशास्त्राचा मोठा सुंदर भाग आहे. समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकणारा माईक, ज्याला कार्डिऑइड म्हणतात, आपल्या पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंच्या दाबांतला फरक मोजतो. उगम लांब असेल तर हा फरक फक्त लाट आडून मागे पोचायला लागणाऱ्या वेळेतून येतो, आणि खर्जाच्या लांबलचक लाटांसाठी तो अगदी थोडा असतो. म्हणून असे माईक खर्ज थोडा वाढवूनच बनवलेले असतात. उगम चार बोटांवर आला की पडद्याच्या पुढची बाजू मागच्यापेक्षा ठळकपणे जवळ पडते, दाबात वेगळा फरक तयार होतो, आणि खर्ज फुगतो. गावच्या जत्रेत निवेदक माईक ओठांना लावतो आणि त्याचा आवाज एकदम घुमू लागतो, ते हेच. टॉमवर हा फुगवटा हवासा असतो. स्नेअरवर तो जास्त झाला तर मी माईक दोन बोटं वर उचलतो.

आता माईक पडद्यावर नेमका कुठे धरायचा? इथे पखवाजवाल्यांना सांगायला माझ्याकडे काही आहे. गोल ताणलेल्या पडद्याची कंपनं तारेसारखी नसतात. तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे ओळीने येतात. आदर्श गोल पडद्यात ते १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे पडतात, म्हणून साध्या ड्रमला गाण्यासारखा स्वर नसतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्याबरोबर 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिहिलं की आपल्या मृदंग-तबल्यावरची शाई या पडद्याचं वजन अशा रीतीने वाढवते की उपस्वर सरळ ओळीत येऊन बसतात. कुठल्या तरी अनाम कारागिराने बोटाने थापून थापून, घासून घासून हे गणित सोडवलं, याचं मला आजही नवल वाटतं.

ड्रमसेटच्या पडद्यावर शाई नाही. तिथे ओळ नाही, गर्दी आहे, आणि त्या गर्दीतलं कोण ऐकू यावं हे माईकची जागा ठरवते. पडद्याचं सर्वांत खालचं कंपन मध्यभागी सर्वांत मोठं असतं. १.५९ पटीच्या कंपनात मात्र पडद्याचा अर्धा भाग वर जातो तेव्हा अर्धा खाली, आणि मधली रेघ जागच्या जागी राहते. माईक बरोबर मध्यावर धरला तर हे दोन्ही अर्धे त्याच्यापाशी एकमेकांना खोडतात. मूळ ठोका स्वच्छ येतो, झणझणाट कमी. माईक कडेकडे सरकवला की एकच अर्धा जवळ येतो आणि ती झिणझिण वाढते. म्हणून टॉमची घंटा फार वाजत असेल तर खर्ज-तीव्र कमीजास्त करणाऱ्या इक्वलायझरकडे हात नेण्याआधी मी माईकचं तोंड कडेवरून मध्याकडे वळवतो. कडेपासून दोन-तीन बोटं वर, तोंड मध्याकडे, ही माझी सुरुवातीची जागा. अडीच सेंटिमीटर हलवलेला माईक जे करतो ते यंत्रावरचं कुठलंही बटण करू शकत नाही, यावर माझा पक्का विश्वास आहे.

किकची गोष्ट थोडक्यात. ६० हर्ट्झच्या लाटेची लांबी पावणेसहा मीटरच्या वर जाते. माझं माजघरही तेवढं नाही. अशा खोलीत खर्ज कोपऱ्यात साठतो आणि मध्येच नाहीसा होतो. माईक ड्रमच्या पोटात, पुढच्या पडद्याच्या भोकातून आत ठेवला की खोलीचा हा खेळ बराच टळतो. पडद्यावर आपटणाऱ्या ठोकळ्याच्या जवळ नेला तर टक्क वाढते, भोकापाशी आणला तर घुमार वाढतो. आत गोधडीची घडी टाकली की शेपूट आखूड होतं. १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत वीस वर्षांच्या ध्वनिमुद्रक जेफ एमरिकने बीटल्स बँडचा ड्रमवादक रिंगो याच्या किकमध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि माईक तिथल्या रिवाजापेक्षा कितीतरी जवळ नेला. त्याआधी माईक इतका जवळ नेणं म्हणजे यंत्राची नासधूस, असा समज होता. आज ड्रमचा जो आवाज आपण गृहीत धरतो त्याची एक सुरुवात त्या स्वेटरपाशी आहे.

आता तो पत्र्याचा डबा.

स्नेअरला खालून लावलेला माईक सोपा निघाला. वरून काठी बसली की वरचा पडदा वरच्या माईकपासून दूर जातो, आणि आतली हवा ढकलली जाऊन खालचा पडदा खालच्या माईककडे येतो. एक माईक म्हणतो 'खाली', दुसरा म्हणतो 'वर'. बेरीज केली की खर्ज वजा होतो. मिक्सरवर तिरपी रेघ मारलेल्या शून्याचं बटण असतं, ते आवाजाची लाट उलटी करतं; ते खालच्या माईकवर दाबायचं, की दोघे एका दिशेने बोलू लागतात. हे मला माहीत होतं आणि केलेलंही होतं.

घोटाळा ओव्हरहेडमध्ये होता. स्नेअरचा जवळचा माईक पाच सेंटिमीटरवर, ओव्हरहेड साधारण एक मीटर जास्त लांब. म्हणजे तोच ठोका ओव्हरहेडमध्ये २.९ मिलिसेकंद उशिरा. दोन्ही समान पातळीवर मिसळले तर ज्या लाटेची अर्धी लांबी बरोबर एक मीटर आहे, तिचा चढ एका माईकमध्ये असतो तेव्हा उतार दुसऱ्यात असतो, आणि ती लाट नाहीशी होते. एक मीटर म्हणजे अर्धी लाट, दोन मीटर पूर्ण लाट, ३५० भागिले दोन: १७५ हर्ट्झ. आणि स्नेअरचं अंग नेमकं त्याच्याच आसपास असतं. पुढचे खड्डे ५२५ वर, ८७५ वर, असे विषम पटीने. आलेख काढला तर फणीचे दात दिसतात, म्हणून याला फणी-गाळण म्हणायला हरकत नाही. अंग गेलं आणि वरचा चरचराट उरला. मुलाने जे कानाने सांगितलं ते कागदावर असं उतरलं.

त्यात दुसरी चूक मिसळली होती. माझे दोन ओव्हरहेडसुद्धा स्नेअरपासून सारख्या अंतरावर नव्हते. एक हाय-हॅटच्या बाजूला, दुसरा जमिनीवर उभ्या असणाऱ्या मोठ्या टॉमच्या, फ्लोअर टॉमच्या, बाजूला, डोळ्यांना छान सममित दिसणारे. पण स्नेअर सेटच्या मध्यावर नसतो, वाजवणाऱ्याच्या डाव्या मांडीजवळ असतो. सेटचा मध्य धरून लावलेले माईक स्नेअरला तिरपेच पडतात.

उपाय घरातच होता. जाळी दुरुस्त करायची नायलॉनची दोरी. स्नेअरच्या मध्यावर मुलाने एक टोक बोटाने दाबून धरलं, मी दोरी पहिल्या ओव्हरहेडपर्यंत ताणून गाठ मारली, आणि मग ती तशीच फिरवून दुसरा माईक त्याच गाठीपाशी आणला. सूत धरून चिरे बसवणारा गवंडी करतो तेच. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधला ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स एक माईक स्नेअरच्या वर आणि दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला ठेवत असे, पण दोन्ही स्नेअरपासून समान अंतरावर. त्याच्या नावाची ही पद्धत आजही जगभर वापरतात. मी तिची जवळच्या माईकशी सांगड घातली.

मग उरला जवळचा माईक आणि ओव्हरहेड यांच्यातला उशीर. संगणकावर स्नेअरच्या जवळच्या माईकचा ट्रॅक तेवढाच उशिरा सुरू होईल असा सरकवता येतो. संगणक आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेत असेल तर २.९ मिलिसेकंद म्हणजे साधारण १३७ नमुने. आधी मी सगळे ट्रॅक असेच सरकवत बसलो. त्यात एक अडचण आहे. टॉमपासून ओव्हरहेडचं अंतर वेगळं, किकपासून वेगळं, आणि प्रत्येक माईकमध्ये शेजाऱ्याचाही आवाज शिरलेला असतो. स्नेअर जुळवलात की स्नेअरच्या माईकमध्ये शिरलेला टॉम बिघडतो. सगळ्यांचा उशीर एकाच वेळी शून्य करता येत नाही. एकाला निवडावं लागतं. मी स्नेअर निवडतो, कारण ठेका त्याच्यावर उभा असतो. बाकीच्यांसाठी शून्याचं बटण दाबून, सोडून, ज्या बाजूला खर्ज भरतो ती बाजू धरतो.

शेजाऱ्याचा आवाज कमी असला तर खड्डेही उथळ राहतात. दुसऱ्या माईकपर्यंतचं अंतर पहिल्याच्या तिप्पट असेल तर पातळीत साडेनऊ डेसिबलचा फरक पडतो, आणि खड्ड्याची खोली साडेतीन डेसिबलच्या आसपास येते, जी कानाला सोसते. शिवाय कार्डिऑइड माईकला बहिरी पाठ असते. स्नेअरचा माईक असा वळवायचा की त्याची पाठ हाय-हॅटकडे येईल. ड्रमसेट लावताना लोक माईकचं तोंड कुठे आहे ते बघतात; मला पाठ कुठे आहे ते आधी बघायची सवय लागली आहे.

दोरी धरून माईक लावले, स्नेअर सरकवला, आणि मुलाला पुन्हा हेडफोन दिला. त्याने तोच ठेका दोनदा ऐकला, काही न बोलता जाऊन स्टुलावर बसला आणि काठ्या उचलल्या. मुद्रण त्या रात्री पूर्ण झालं.

पावसाळ्यात मात्र ड्रमसेटचं काम मी घेत नाही. सेटचे पडदे प्लास्टिकचे असतात, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेच रूढ झाले, त्यांना दमटपणा फारसा बाधत नाही. पखवाजाचं कातडं मात्र जूनमध्ये उतरतं ते उतरतंच. अडतं ते ओव्हरहेडपाशी. ते कंडेन्सर जातीचे असतात, आणि त्यांच्या पडद्यावरचा विद्युतभार टिकण्यासाठी भोवतालचं निरोधन कोरडं लागतं. ओल बसली की भार झिरपतो आणि माईक तडतडू लागतो, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात मी ते ठेवतो, लागतील तेव्हाच काढतो. आणि कौलांवर पाऊस कोसळत असताना डोक्यावरचा माईक ड्रमपेक्षा छपराच्या जवळ असतो. अंतराचा तोच नियम तेव्हा पावसाच्या बाजूने लागतो. म्हणून ड्रमसेटवाल्यांना मी दिवाळीनंतरची तारीख देतो. दोरी खुंटीला टांगलेली असते, तिच्यावरची गाठ मी सोडलेली नाही.