पाण्यातून फुकट हायड्रोजन? नाही, जळतं ते ॲल्युमिनियम

"भंगारातलं ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाका, हायड्रोजन फुकट, गाडी पाण्यावर पळेल!" असले व्हिडिओ नाशिकमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही वर्षानुवर्षं फिरतायत. हायड्रोजन निघतो हे खरं. फुकट निघतो हे खोटं.

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये लेथखाली ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस पडतो. साध्या पाण्यात त्याला काही होत नाही, कारण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. कॉस्टिक तो थर विरघळवतं. आधी एखाद-दुसरा बुडबुडा, मग पाणी फसफसून काळपट होतं, भांडं चटका बसेल इतकं तापतं. हायड्रोजन सुटतो पाण्यातून, पण त्याची किंमत धातू मोजतो. तोच संपत जातो.

आता हिशेब बघा. १ किलो ॲल्युमिनियममागे जेमतेम १११ ग्रॅम हायड्रोजन, म्हणजे साधारण ३.७ युनिट ऊर्जा. तोच किलोभर धातू भट्टीत तयार करताना १३ ते १५ युनिट वीज खर्ची पडलेली असते! उलट भंगार वितळवून पुन्हा वापरलं, तर नव्या धातूच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. म्हणून स्वच्छ कीस भंगारवाल्याकडेच जाऊ द्या. गोळ्यांच्या पाकिटांसारखं प्लास्टिकला चिकटलेलं फॉइल सहज वितळवता येत नाही; तिथे कॉस्टिकने हायड्रोजन काढण्याच्या या प्रक्रियेचा विचार करण्यात अर्थ आहे.

आणि कृपा करून घरी करून पाहू नका. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने पेट घेतो. बंद बाटली दाबाने फुटते, आणि उडालेलं कॉस्टिक डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते.