बाळाच्या खोलीला रंग कधी लावावा?

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार म्हटलं की घरात दोन निरोप जातात. एक बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाईंना, दुसरा रंगाऱ्याला. "ती यायच्या आत भिंतींवरून एक हात फिरवून घेऊ," असं वडील ठरवतात. रंगारी पुढच्या सोमवारचा वायदा करतो आणि उगवतो महिन्याभराने. मग डोहाळजेवण झालेली लेक आतल्या खोलीत आणि बाहेरच्या खोलीत भिंत घासायचं काम चालू, असा प्रकार होतो. पुण्या-ठाण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये हेच जरा थाटात घडतं. आठव्या महिन्यात नवरा-बायको रंगांचं कार्ड घेऊन बसतात. फिकट निळा की फिकट पिवळा, भिंतीवर ढग की हत्तीची पिल्लं, यावर दोन-दोन आठवडे खल होतो. हे सगळं कधी करायचं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. आणि बाळाच्या दृष्टीने महत्त्वाचा तोच आहे.

शेवटच्या महिन्यांत घर आवरायची, लावायची जी हुक्की येते तिचा अभ्यासही झालेला आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली गरोदर आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांची तुलना केली. घर साफ करणं, सामान नव्याने लावणं याची ओढ गरोदरपणात वाढते आणि शेवटच्या तीन महिन्यांत ती सर्वाधिक असते, असं त्यांना दिसलं. या काळात स्त्रिया घराजवळ आणि ओळखीच्या माणसांत राहणं पसंत करतात, हेही त्यात होतं. सातव्या महिन्यात माहेरी जाणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. पंचाईत एवढीच, की सजावटीची ओढ आठव्या-नवव्या महिन्यात लागते आणि रंग, प्लाय, डिंक यांच्या रसायनशास्त्राला ते काम फार आधी उरकलेलं हवं असतं.

सुरुवात जुन्या रंगापासून करू, कारण खरा धोका बहुतेक वेळा नव्या डब्यात नसतो, तो खरवडून काढलेल्या पापुद्र्यात असतो. जुन्या काळी तैलरंगात शिसं सर्रास असायचं. पांढऱ्या रंगात शिशाचा कार्बोनेट, पिवळ्या-केशरी रंगात शिशाचा क्रोमेट, आणि रंग लवकर वाळावा म्हणून घातलेली शिशाची संयुगं वेगळीच. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काही ठिकाणी जी भेसळ पकडली गेली, ती याच लेड क्रोमेटची. चुन्याच्या किंवा साध्या डिस्टेंपरच्या भिंतीत शिशाची भीती कमी. ते सापडतं दारं, खिडक्यांच्या चौकटी, लोखंडी गज, ग्रिल आणि जुने लाकडी पाळणे यांवरच्या चकचकीत ऑइल पेंटमध्ये.

रंगातलं शिसं मुलांना बाधतं, याचा माग सर्वांत आधी लागला ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या डॉक्टरांकडे पोटात कळा, हातापायांतली शक्ती गेलेली, नजर अधू झालेली अशी मुलं येत होती. शिसं बाधलंय हे कळलं, पण ते कुठून येतंय याचा पत्ता लागेना. जॉन लॉकहार्ट गिब्सन हे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी 1904 मध्ये बोट ठेवलं ते व्हरांड्याच्या कठड्यावर. तिथली घरं लाकडी, कठडे पांढऱ्या तैलरंगाचे, आणि ऊन असं कडक की रंगाची वरवर भुकटी व्हायची. मुलं कठडा धरून खेळायची आणि तीच बोटं तोंडात घालायची. शहाण्या लोकांनी त्यांचं म्हणणं बराच काळ मनावर घेतलं नाही. क्वीन्सलँडमध्ये मुलांचा हात पोचेल अशा जागी शिशाचा रंग लावायला कायद्याने मनाई व्हायला 1922 उजाडलं. अमेरिकेने घरगुती रंगांतलं शिसं 1978 मध्ये आवरलं. आपल्याकडे केंद्र सरकारचा नियम 2016 मध्ये निघाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त शिसं चालणार नाही, असं तो सांगतो. त्याआधीच्या कित्येक तैलरंगांत हेच प्रमाण हजारोंच्या घरात असे. म्हणजे आजोळच्या घराची दारं-खिडक्या 2017 च्या आधी रंगवलेल्या असतील, तर त्यांवर शिसं आहे असं धरून चालणं बरं.

रंग भिंतीवर घट्ट बसलेला असेल तोवर तो गप्प असतो. रंगारी पॉलिश पेपर घेऊन कोरडी घासाई सुरू करतो तेव्हा त्याची धूळ होते. ही धूळ श्वासातून जाते, भांड्यांवर बसते, अंथरुणात शिरते, आणि केरसुणीने झाडली की पुन्हा हवेत उडते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो, लहान मुलाच्या बाबतीत जवळजवळ निम्मा. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढतं, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. शिसं वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, बाळापर्यंत पोचतं. वार म्हणजे चाळणी आहे, वाईट ते अडवते, असा एक गोड समज आहे. शिशासाठी ती चाळणी नाही. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि अमुक पातळीपर्यंत निर्धोक, अशी रेघ जागतिक आरोग्य संघटनेनेही आखलेली नाही.

तेव्हा घरात गरोदर बाई असताना जुना तैलरंग कोरडा घासायचा नाही, हे रंगाऱ्याला स्पष्ट सांगावं. रंग शाबूत असेल तर तो खरवडण्यापेक्षा त्यावरच नवा हात देणं चांगलं. पोपडे सुटलेच असतील तर भाग ओला करून खरवडावा, खाली प्लास्टिक अंथरावं, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने दोनदा पुसावं. आणि तेवढे दिवस तिने दुसरीकडे राहायला जावं. दुसऱ्या खोलीत नव्हे, दुसऱ्या घरी.

आता नवा रंग. वाळताना त्यातून निरनिराळी उडून जाणारी सेंद्रिय संयुगं हवेत येतात. थिनर घालून लावायच्या ऑइल पेंटमधून ती पुष्कळ येतात, पाण्यात कालवायच्या इमल्शनमधून कमी. पहिल्या काही दिवसांत जोर सर्वाधिक असतो, मग तो उतरत जातो, पण शेपूट आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. इथे नाकावर विसंबू नये. एकाच वासात तासभर बसलं की नाक तो वास नोंदवायचंच सोडून देतं, म्हणूनच "आता काही वास नाही हो" असं घरातला माणूस सांगतो आणि दारात आलेला पाहुणा नाकाला रुमाल लावतो. हवा गरम असेल तर संयुगं भराभर निघतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी खिडक्या उघड्या ठेवल्या तर खोली लवकर मोकळी होते. जुलैत, कोकणात किंवा मुंबईत, भिंतीच मुळात ओल्या असतात. रंग नीट वाळत नाही, पावसामुळे खिडक्या बंद, आणि रंगाखाली बुरशी धरते ती वेगळी. बाळंतपण श्रावण-भाद्रपदात असेल तर रंगकाम उन्हाळ्यातच आटपलेलं बरं, म्हणजे साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात.

रंगापेक्षाही चिवट प्रकरण आहे कपाटाचं. प्लायवुड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांत लाकडाचे थर किंवा भुसा ज्या चिकट राळेने जोडतात, ती बहुतेक वेळा युरिया आणि फॉर्मल्डिहाइड यांची असते. या राळेला पाण्याचं वावडं आहे. दमट हवेत ती हळूहळू तुटते आणि फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. उष्णता वाढली की आणखी सुटतो. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. बाळाच्या खोलीत त्याचा रोजचा त्रास म्हणजे डोळे, नाक, घसा चुरचुरणं. नवजात बाळ मिनिटाला 40 ते 60 श्वास घेतं, आपण 12 ते 20. वजनाच्या मानाने पाहिलं तर एकाच खोलीतली हवा त्याच्या अंगात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाते. रंगाचा जोर आठवड्यांत ओसरतो, प्लायचा ओसरायला महिने लागतात, कधी वर्षं.

यावर उपाय आहेत. सुतार ज्याला वॉटरप्रूफ किंवा बीडब्ल्यूपी प्लाय म्हणतो त्यात फिनॉलची राळ असते, तिच्यातून हा वायू बराच कमी सुटतो. कपाटाच्या दर्शनी भागाला सनमायका आणि आतून, मागून उघडा प्लाय, ही आपल्याकडची काटकसर. वायू नेमका त्या उघड्या बाजूंतून आणि कापलेल्या कडांतून येतो. त्या बंद करून घ्याव्यात. नवं कपाट आलं की दारं उघडी टाकून ते काही आठवडे वाऱ्यावर ठेवावं आणि मगच त्यात दुपटी-झबली लावावीत.

मूल हाती येईपर्यंत त्याच्यासाठी काही आणू नये, अशी अनेक घरांत रीत आहे. ज्या काळात घरोघरी तान्ही मुलं जात असत, त्या काळातली ती धास्ती आहे आणि तिची टिंगल करावी असं मला वाटत नाही. पण आज तिचा परिणाम उलटा होतो. बारसं झालं की उत्साहाने नवं कपाट, नवा प्लायचा पलंग, वर ताजं पॉलिश, सगळं एकदम त्या खोलीत येतं, आणि बाळ वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या वासात झोपतं. रीत पाळायचीच असेल तर कपडे-खेळणी नंतर आणा, लाकूडकाम मात्र आधी करून घ्या. त्याहून सोपं म्हणजे बहिणीकडचं किंवा जावेकडचं वापरलेलं कपाट. त्यातला वायू बराचसा उडून गेलेला असतो. जुना लाकडी पाळणा आणताना मात्र त्याच्या रंगाचं वय विचारून घ्यावं. म्हणजे जुनं लाकूड चालेल, जुना रंग नको.

आणि ज्या फिकट निळ्या-पिवळ्यावर एवढा खल झाला, तो बाळाला दिसतो का? सुरुवातीला जवळपास नाही. जन्मतः डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, जिथे आपल्याला बारीकसारीक स्पष्ट दिसतं, तो अर्धाकच्चा असतो. बाळाला बरं दिसतं ते 20 ते 30 सेंटिमीटरवरचं, म्हणजे अंगावर पाजताना आईचा चेहरा असतो तितक्या अंतरावरचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी 1963 मध्ये जन्मून दहा तास ते पाच दिवस झालेल्या बाळांना गोल चकत्या दाखवल्या. एकीवर चेहरा, एकीवर वर्तुळात वर्तुळं, एकीवर वर्तमानपत्राची छपाई, बाकीच्या नुसत्या पांढऱ्या, पिवळ्या, लाल. बाळं सर्वांत जास्त वेळ चेहऱ्याकडे पाहत राहिली, आणि छापील कागदाकडेही कोऱ्या लाल चकतीपेक्षा जास्त वेळ. फिक्या रंगातला सूक्ष्म फरक त्यांच्यापर्यंत पोचत नाही, काळ्या-पांढऱ्याचा ठळक विरोध पोचतो. रंगांची ओळख दोन-तीन महिन्यांत येऊ लागते, आधी लाल-हिरवा, निळा थोडा मागाहून. पाळण्यावर लाल-पिवळ्या-हिरव्या कापडी चिमण्यांचं चिमणाळं टांगणाऱ्या आज्यांची निवड त्या मानाने आजच्या राखाडी-बदामी खोल्यांपेक्षा सरस. भिंत आईबापांसाठी रंगवावी, त्यात काही गैर नाही. फक्त बाळाचं नाव पुढे करून घाई करू नये.

झोपायच्या जागेबाबत नियम एकच, तिथली सजावट शून्य. बाळाला पाठीवर निजवा, असा प्रचार ब्रिटनमध्ये 1991 साली आणि अमेरिकेत 1994 साली सुरू झाला, आणि झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूंचं प्रमाण तिथे निम्म्याहून खाली आलं. गादी घट्ट आणि सपाट हवी. उशा, लोड, मऊ खेळणी, कडेने बांधायच्या जाड गाद्या तिथे नकोत. त्या गाद्यांच्या विक्रीवर अमेरिकेने 2022 मध्ये बंदीच घातली. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवायची राईची उशीही याच यादीत जाते, हे आज्यांना सांगणं अवघड आहे, पण सांगावं लागेल. डासांसाठी मच्छरदाणी लावावी. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार डास पळवणारी एक कॉइल जळताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या बरोबरीचे भरतात. बंद खोलीत ओवा-शेपांची धुरी आणि कोळशाची शेगडी यांनाही तोच हिशेब लागू आहे, वर कार्बन मोनॉक्साइडची भर.

हवा शुद्ध करणारी म्हणून हल्ली बाळाच्या खोलीत स्नेक प्लांट, मनी प्लांट ठेवतात. याचं मूळ नासाच्या 1989 च्या प्रयोगात आहे, पण तो छोट्या बंद पेटीतला प्रयोग होता. 2019 मध्ये अशा अभ्यासांचा पुन्हा हिशेब मांडला गेला, तेव्हा खिडकीतून आपोआप होणाऱ्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील असं निघालं. कुंडी सुंदर दिसते, तेवढ्यासाठी ठेवावी, आणि मनी प्लांटचं पान चावलं तर तोंड झोंबतं हे लक्षात ठेवून उंचावर.

कारण सात-आठ महिन्यांनी हे बाळ रांगू लागणार आहे. तेव्हा त्याच्या उंचीवर काय काय येतं ते आजच गुडघ्यांवर बसून पाहून ठेवावं. खिडकीच्या खालच्या चौकटीचा सुटलेला पोपडा, ग्रिलचा खालचा गज, प्लगच्या भोकांची पट्टी, आणि खणांवर पाय देऊन चढता येईल असं ते नवं कपाट. अशी कपाटं मुलांच्या अंगावर कोसळतात. सुतार घरात आहे तोवरच त्याच्याकडून दोन लोखंडी पट्ट्यांनी कपाट भिंतीला जखडून घ्या, एकदा गेला की तो पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही.